तोंडाचा पट्टा, दंडाचा पट्टा

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. त्याच्या मालकाला सगळा भाग रेडिओ म्हणतो. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं काही चूक केली नव्हती. सकाळी शटर वर गेलं की याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो शटर खाली येईपर्यंत. कुणाची सून रुसली, कुठल्या गल्लीत नळाला गढूळ पाणी येतंय, विद्यापीठातला कुठला साहेब टक्कल झाकायला डावीकडचे केस उजवीकडे नेतो, सगळं याच्याकडे ताजं. तोंडात तीळ म्हणून भिजायचा नाही. गिऱ्हाईक बिचारं गळ्याशी कापड बांधून, मानेवर वस्तरा घेऊन बसलेलं. ऐकल्यावाचून त्याची सुटका नव्हती.

दुसरी खुर्ची धाकट्या भावाची. थोरल्यानं बोलायचं आणि धाकट्यानं हसायचं, अशी दुकानाची सरळ वाटणी होती. धाकट्याची खुर्ची जुनी होती आणि तिचा पंप गळायचा. माणूस बसला की ती हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी खाली बसत जायची. धाकटा हातातली कात्री न थांबवता मधेमधे पायानं पेडल मारायचा आणि गिऱ्हाईक टुण्णकन वर यायचं. नवखा माणूस दचकायचा. मग रेडिओ शेजारून सांगायचा, "घाबरू नका काका, तुमची बढती झाली."

एका दुपारी रेडिओ एका गिऱ्हाइकाला सायकलचोराची गोष्ट सांगत होता. चोरानं चोरलेली सायकल नेमकी मूळ मालकालाच विकायला नेली, तिथपर्यंत गोष्ट आली होती. धाकट्याचं गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं. त्यानं कात्री ताटलीत ठेवली, कपाळ चोळलं, आपल्याच खुर्चीत टेकला आणि आरशातून भावाकडे बघून हसला. रेडिओला आणखी चेव आला. त्यानं मालकाचा आवाज काढला, चोराचा काढला, आणि पुन्हा आरशात बघितलं तेव्हा धाकट्याच्या तोंडाची एकच बाजू हसत होती. खुर्ची आपली सवयीनं हळूहळू खाली चालली होती.

मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. बीपी बरेच दिवस वाढलेलं असणार, कधी मोजलं होतं का? कुणी मोजलं नव्हतं. धडधाकट, हसऱ्या माणसाचं बीपी कोण मोजतं?

गोष्ट तिथंच राहिली आणि रेडिओ बंद पडला.

तो रडला नाही. लोकांना वाटलं, धक्का बसलाय, आठवड्याभरात मोकळा होईल. आठवडा गेला, महिने गेले. त्यानं दुकान पुन्हा उघडलं, धाकट्याच्या खुर्चीवर धुतलेली चादर टाकली आणि आपल्या खुर्चीवर काम सुरू केलं. हात पूर्वीसारखेच चालायचे, तोंड तेवढं चालायचं नाही. दुःख झालंय असंही त्याला वाटत नव्हतं, कारण वाटणंच बंद झालं होतं. ताटात येईल ते खायचा. मीठ कमी आहे का जास्त, हे बायको बाकीच्यांना विचारायची. ती म्हणायची, "लग्न झाल्यापासून सांगत होते, जरा गप्प बसा, जरा गप्प बसा. पण इतकं नव्हतं हो सांगितलं."

घरात आता तो, त्याची बायको, धाकट्या भावाची बायको आणि तिची मुलगी. भावाच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणत. लग्नाआधी ती एका पार्लरमध्ये केस कापायची. हात चांगला होता. नवरा गेल्यावर काही महिने तीही भिंतीकडे बघत बसली, पण तिच्या पदरात पोर होतं आणि पोराला भिंत दाखवून चालत नाही. एके दिवशी वाढता वाढता ती म्हणाली, "दादा, दुकानात मी बसू का? त्यांच्या खुर्चीवर. बायकांचे कापीन, पोरांचे कापीन. पुरुष आले तर त्यांचेही."

"हूं," रेडिओ म्हणाला.

धाकटी थांबली. पुढे काहीच आलं नाही. रात्री थोरली जाऊ तिला म्हणाली, "अगं, न बोलणं म्हणजे होकारच की."

"इतरांचं असेल," धाकटी म्हणाली. "दादांचं न बोलणं म्हणजे नुसतं न बोलणं."

ते खरंच होतं. त्या ‘हूं’मध्ये हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. धाकटीनं तिथं उभं राहावं, दुकान पुन्हा दोन कात्र्यांनी वाजावं, हे त्याला हवंच होतं. पण हो म्हणायचं तर चादर काढावी लागणार. चादर काढली की खुर्ची रिकामी आहे हे दिसणार. तिथपर्यंत विचार यायचा आणि तिथंच थांबायचा.

याच सुमाराला विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्याच्या कॉलेजनं रस्ता ओलांडला. एरवी त्या कॉलेजचा आणि आसपासच्या वस्तीचा संबंध फाटकापुरताच. त्यांची मुलं केस कापायला यायची. शिवाय वर्षाकाठी एकदा दोघं-चौघं फाइल घेऊन दारोदार फिरायची. खोकला येतो का, पाणी उकळता का, रात्री झोप लागते का? लोक सांगायचे, ती लिहून न्यायची. पुढे त्याचं काय व्हायचं ते देवाला ठाऊक आणि कॉलेजला. "आपण त्यांची प्रयोगशाळा, फक्त भाडं मिळत नाही," असं पूर्वी रेडिओच म्हणायचा.

या खेपेला मात्र कॉलेजातल्या एक प्राध्यापिका स्वतः दुकानं हिंडल्या आणि त्यांनी भागातल्या सगळ्या सलूनवाल्यांना कॉलेजात चहाला बोलावलं. सगळे त्यांना मॅडम म्हणू लागले. उंच, घाईनं बोलणाऱ्या, आणि बोलता बोलता चष्मा कुठं ठेवला ते विसरणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आम्ही दवाखाना उघडून बसतो आणि पुरुष फिरकत नाहीत. तुमच्याकडे न चुकता येतात आणि मान तुमच्या हातात देतात. इतका विश्वास आमच्यावर कुणी ठेवत नाही. बीपीचं मशीन आम्ही देतो, मोजायला शिकवतो. ज्याचं वाढलेलं निघेल त्याला तुम्ही आमच्याकडे पाठवा, त्याला रांगेत थांबवणार नाही. आपण भागीदारी करू."

"भागीदारी म्हणजे दुकानाच्या भाड्यातसुद्धा का?" वळणावरच्या सलूनवाल्यानं विचारलं. सगळे हसले, मॅडमही हसल्या. मागच्या बाकावर बसलेला रेडिओ हसला नाही, पण मशीन त्याच्याही वाट्याला आलं. नको म्हणायलासुद्धा बोलावं लागतं.

दुकानात मशीन ठेवायला आल्या तेव्हा मॅडमनी चादरीकडे बोट केलं. "ही खुर्ची रिकामीच असते ना? मोजायला इथंच बसवू या." रेडिओनं त्यांच्या हातातून मशीन घेतलं आणि आपल्या आरशाखालच्या फळीवर, तुरटीच्या शेजारी ठेवलं. मॅडमना काय ते कळलं नाही, पण काहीतरी आहे एवढं कळलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मग ते चालू झालं. गिऱ्हाईक बसलं की गळ्याभोवती कापड बांधायच्या आधी रेडिओ त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा. पाठ टेकलेली, पाय टेकलेले, हात टेकलेला. थोडा वेळ तसंच बसवायचा आणि मग बटण दाबायचा. पट्टा फुगायचा, आवळायचा, सुस्कारा टाकत सैल व्हायचा. पण मोजून झालं हे गिऱ्हाइकाला कळायचं नाही. ते तसंच हात ताठ करून, श्वास धरून बसून राहायचं. तेव्हा काहीतरी म्हणणं भाग होतं. रेडिओ म्हणू लागला, "आता बोला."

दिवसभरात त्याच्या तोंडून येणारे शब्द हे एवढेच. त्याचा अर्थ इतकाच की झालं, आता हललात तरी चालेल. पण गप्प बसवून ठेवलेल्या माणसाला ‘आता बोला’ म्हटलं की तो खरंच बोलतो. रद्दीवाला म्हणाला, पोरगा सहा महिने झाले फोन करत नाही. शाळेतला शिपाई म्हणाला, जिना चढताना छातीत धडधडतं, घरी सांगितलेलं नाही. एका मास्तरांनी नुसतेच डोळे पुसले आणि म्हणाले, कापा. पूर्वी हा रेडिओ वाजायचा आणि भाग ऐकायचा. आता भाग वाजत होता आणि रेडिओ ऐकत होता. आत मात्र काही हलत नव्हतं. तो ऐकायचा, आकडा जास्त असला तर कॉलेजची चिठ्ठी द्यायचा आणि केसांवर पाण्याचा फवारा मारायचा.

काही महिन्यांनी मॅडम कोड्यात पडल्या. बाकीच्या सलूनमधून बीपी वाढलेली माणसं ढिगानं येत होती आणि दवाखान्यात मोजलं की निम्म्यांचं ठीक निघत होतं. एकट्या रेडिओकडून आलेल्यांचे आकडे तंतोतंत जुळत होते. घोडं कुठं पेंड खातंय ते बघायला त्या एकेका सलूनमध्ये जाऊन बसल्या. वळणावरच्या दुकानातच त्यांना उत्तर मिळालं. तिथं पट्टा बांधला, बटण दाबलं, आणि पट्टा फुगत असतानाच मालकानं विचारलं, "मग काय, जावई काय म्हणतोय?" गिऱ्हाइकानं जावई काय म्हणतो ते सांगितलं. वरचा आकडा जो चढला तो उतरेना.

मोजताना बोलायचं नाही हे शिकवलं होतं, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण सलूनवाल्याला बोलू नको म्हणणं म्हणजे कात्रीला कापू नको म्हणण्यासारखं. "मॅडम, गिऱ्हाईक केस कापायला थोडंच येतं?" वळणावरचा म्हणाला. "केस निमित्त असतात."

पुन्हा चहा झाला, पुन्हा सगळे कॉलेजात जमले. मॅडमनी रेडिओला पुढं बोलावलं. "मोजताना गप्प कसं बसायचं ते आज हे दाखवतील."

खोलीत हशा पिकला. "रेडिओ शिकवणार? गप्प बसायला?" मागून कुणीतरी म्हणालं. "उद्या मांजर उपास शिकवेल!" हसणं ओसरता ओसरता ज्याच्या-त्याच्या लक्षात येत गेलं आणि एकेकजण खाली बघू लागला.

मॅडमना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘रेडिओची पद्धत’. मग वळून कौतुकानं विचारलं, "हे जमवलंत तरी कसं? आधी तुम्हीही खूप बोलायचात म्हणे."

रेडिओ फळ्याकडे बघत उभा राहिला. वर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं वाकडं होतं. वळणावरचा जागेवरूनच हळू म्हणाला, "मॅडम, त्याचा भाऊ गेला. याच बीपीनं. दुकानातच."

मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. भावाचं मरण इथं पद्धत म्हणून फळ्यावर चढलं होतं आणि सगळ्यांनी ते आपापल्या दुकानात न्यायचं होतं. याची चीड यायला हवी होती, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. रेडिओनं आत चाचपून बघितलं. काही नव्हतं. त्यानं वळणावरच्याला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, थांबला, बटण दाबलं आणि सुस्कारा संपल्यावर म्हणाला, "आता बोला."

वळणावरच्यानं पट्टा स्वतःच सोडवला आणि घडी घालून त्याच्या हातात दिला.

त्याच रात्री जेवताना धाकटीनं पुन्हा विषय काढला. "दादा, रविवारी माझा भाऊ येतोय. त्यांच्या गावातल्या पार्लरमध्ये जागा आहे. आम्हाला दोघींना घेऊन जातो म्हणतो. मला जायचं नाहीये. पण इथं नुसती बसून किती दिवस खाऊ? खुर्ची देणार का, एक शब्द सांगा. नाही म्हणालात तरी मी राग धरणार नाही."

"हूं."

"अहो, हूं म्हणजे हो का नाही?" बायको कळवळून म्हणाली. "ती निघाली की पोरगीही जाईल. मग या घरात आपण दोघं आणि तुमचं ते हूं!"

पुतणी समोरच बसली होती. काका तोंड कसं मिटून घेतो त्याची नक्कल करत होती आणि स्वतःच हसत होती. ते हसणं थेट बापाचं होतं. रेडिओनं तिच्याकडे बघितलं. ‘जाऊ नका’ एवढे दोनच शब्द होते. ते घशापर्यंत आले आणि तो त्यांच्यावरून पाणी प्याला. मग तो उठला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम दुकानात आल्या. माफी मागायलाच आल्या असाव्यात, पण तसं त्यांना बोलता आलं नाही. त्या नुसतं एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरातल्यांपैकी कुणाला मोजायला शिकवू का? तुमचे हात कामात असतात." धाकटी जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती म्हणाली, "मला शिकवा." मॅडमनी शिकवलं. पट्टा कोपराच्या किती वर, किती घट्ट, केव्हा थांबायचं. जाताना दारात त्यांनी धाकटीला हळूच विचारलं, "यांचं स्वतःचं कुणी मोजलंय?"

धाकटीनं मान हलवली. कुणीच मोजलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं. रेडिओ खालचे केस झाडत होता. धाकटी रिकामा डबा न्यायला आली, पण डब्याला तिनं हात लावला नाही. तिनं त्याच्या हातातून झाडू घेऊन भिंतीला टेकवला.

"बसा दादा."

त्यानं झाडूकडे हात नेला.

"उद्या मी गेल्यावर तुमचं कोण मोजणार? बसा."

तो बसला. स्वतःच्याच खुर्चीत, जिथं तो कधी बसत नसे. धाकटीनं त्याची बाही वर सारली, पट्टा गुंडाळला आणि बाजूला उभी राहिली. थोडा वेळ थांबायचं होतं. समोर आरसा होता. आरशात तो होता, त्याच्या शेजारी ती चादर होती आणि चादरीखाली खुर्ची. एवढ्या दिवसांत त्यानं ती आरशातून कधी बघितली नव्हती. ती शेवटी जेवढी खाली बसली होती तेवढीच खाली होती. वर कुणी घेतलीच नव्हती.

धाकटीनं बटण दाबलं. पट्टा फुगला आणि त्यानं दंड धरला. एका माणसानं दुसऱ्याचा दंड धरावा तसा, गच्च. रेडिओनं दात आवळले. मोजताना बोलायचं नसतं, हलायचंही नसतं. ते त्यानंच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

पट्ट्यानं सुस्कारा टाकला. धाकटीनं आकडे बघितले. दोन्ही आकडे चढलेले होते. एवढा गप्प बसून चढलेले. तिनं आकडा सांगितला नाही, पण आरशात तिचा चेहरा त्याला दिसला.

"सोमवारी मॅडमकडे जायचं," ती म्हणाली. "वहिनींना सांगून जाईन, त्या घेऊन जातील तुम्हाला." मग पट्टा सोडवता सोडवता, त्याच्याच आवाजात, त्याच्याच चालीवर ती म्हणाली, "आता बोला."

रेडिओनं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. मग घसा खरवडल्यासारखा एक आवाज निघाला.

"ती खुर्ची," तो म्हणाला.

धाकटीचा हात पट्ट्यावरच थांबला.

"ती खुर्ची खाली बसते. आपली हळूहळू. कळत नाही." तो आरशातल्या चादरीकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी बिनदिक्कत मिशीत उतरत होतं. "मधेमधे पेडल मारत जा. हात थांबवायचा नाही, नुसता पाय मारायचा. तो तसंच करायचा. नाहीतर एक कल्ला वर, एक खाली."

"दादा, उद्या माझा भाऊ येणार आहे."

"माहीत आहे," रेडिओ म्हणाला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "त्याचे केस वाढले असतील. इथंच घेऊन ये त्याला. त्या खुर्चीवर पहिला त्यालाच बसव."